परतीचा रकाना

आमच्या घरात तीन माणसं राहतात आणि त्यांतलं एकच मतदार आहे. मी आणि माझा नवरा भारताचे नागरिक. परदेशी राहणाऱ्याला तिकडे नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर हजर व्हावं लागतं, त्यामुळे आम्ही एकोणीस वर्षांत मत दिलेलं नाही. जिथे राहतो तिथे आम्हांला मत नाही, आणि त्याबद्दल कधी कुणी जेवताना तक्रार केल्याचं मला आठवत नाही. मुलगी मात्र अमेरिकेची नागरिक. नवऱ्याच्या तेव्हाच्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी अमेरिकेतल्या मधल्या पट्ट्यातल्या एका राज्यात पाठवलं होतं. मुलीचा जन्म तिथला. ती दोन वर्षांची असताना आम्ही दुबईला आलो आणि अल मनखूलमधल्या याच इमारतीत राहिलो. मध्ये फक्त मजला बदलला.

ही गोष्ट घडली त्या वर्षी ती अठराची झाली आणि ते वर्ष मिडटर्मचं होतं. मराठी वाचकाला मध्यावधी म्हटलं की सरकार पडलेलं दिसतं. अमेरिकेत तसं काही नसतं. अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, निवडणूक ठरल्या दिवशी येते, सरकार पडो न पडो. मी इथल्या एका इंग्रजी दैनिकात परदेश पानावर उपसंपादक आहे. या निवडणुकांच्या बातम्या मी अनेकदा कापल्या, जोडल्या, मथळे दिले. कुठल्या सभागृहात कुणाचं बहुमत, एवढ्यावर माझं ज्ञान संपत होतं. त्याच मतपत्रिकेवर राज्याचा गव्हर्नर, राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य, काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, खजिनदार आणि शाळेच्या मंडळाची माणसंही निवडली जातात, हे मला मुलीने सांगितलं.

“आई, यू डू धिस फॉर अ लिव्हिंग,” ती म्हणाली.

“न्यूज एजन्सी गव्हर्नरच्या खाली उतरत नाही,” मी म्हटलं. ते खरंही होतं.

मुलगी गव्हर्नरच्या खूप खाली उतरली होती. तिकडे आम्ही राहत होतो त्या वस्तीची विधिमंडळाची जागा लहान होती आणि दोन्ही उमेदवार अनोळखी. एक निवृत्त शिक्षिका, दुसरा शेतीच्या यंत्रांचा विक्रेता. त्यांचा वादविवाद एका शाळेच्या व्यायामशाळेत झाला. श्रोते पाचपन्नास असतील. मुलीने त्याचं रेकॉर्डिंग नाश्त्याच्या वेळी पाहिलं आणि मलाही पाहायला लावलं. मुद्दा एका पुलाचा होता. पूल जुना झाल्यामुळे त्यावरून जड वाहनं बंद केली होती, त्यामुळे शाळेची बस लांबून फिरून जायची आणि टोकाच्या घरातली मुलं रोज चाळीस मिनिटं जास्त बसमध्ये काढायची. शिक्षिका म्हणत होती, राज्याने पैसे द्यावेत. विक्रेता म्हणत होता, काउंटीने आधी आपला हिशेब नीट करावा. मुलगी शिक्षिकेच्या बाजूने होती. तिने इंटरनेटवरच्या नकाशात तो पूल शोधला, आमची तेव्हाची इमारतही शोधली, आणि पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “विच विंडो?” मला खिडकी सांगता आली नाही. इमारतीला आता वेगळा रंग होता.

ती ज्या गोष्टीसाठी मत देणार होती ती ही. काँग्रेसबद्दल तिची मतं होती, पण ती तिच्या वर्गातल्या सगळ्यांचीच होती. पूल तिचा एकटीचा होता.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो फुजैराला, दुसऱ्या किनाऱ्यावरच्या बंदरात, तेलाच्या टर्मिनलवर काम करतो. सोमवार ते शुक्रवार तिथेच राहतो, शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो. आमच्या घरातले सगळे फॉर्म तो भरतो. या देशात कुटुंबाचा व्हिसा कमावणाऱ्या माणसाच्या नावावर असतो. तो स्पॉन्सर, बाकीचे त्याचे आश्रित. व्हिसा, ओळखपत्र, विमा, शाळेचा प्रवेश, घराचा करार, सगळीकडे सही त्याची किंवा त्याने सांगितलेल्या जागी आमची. त्याची पद्धत ठरलेली आहे. फॉर्म ऑफिसात भरायचा, छापायचा, आणि जिथे सही हवी तिथे बाणाची पिवळी चिकटपट्टी लावून घरी आणायचा. मुलगी लिहायला शिकली तेव्हापासून बाणासमोर सही करत आली आहे. वाचायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वाचायची गरजही कधी पडली नव्हती, कारण तो चुकत नाही.

परदेशातल्या अमेरिकन मतदाराचा अर्जही असाच आला. ऑगस्टमधली एक शुक्रवारची संध्याकाळ होती. त्याने बॅग ठेवली, हात धुतले आणि पारदर्शक फोल्डर टेबलावर ठेवलं.

“हे घे तुझं इलेक्शन,” तो म्हणाला. “एकच सही. तारीख मीच घातलीय.”

“तिथला पत्ता कुठला दिलास?” मी विचारलं.

“आपलं जुनं अपार्टमेंट. शेवटचा पत्ता लागतो. करार संपून सोळा वर्षं झाली तरी चालतो म्हणे. इथे करारावर एक दिवस उलटला तर पाणी तोडतात.”

मुलीने सही केली. मग त्याने फोल्डर माझ्याकडे सरकवलं. हीसुद्धा पद्धत आहे. मी व्यवसायाने चुका शोधते, म्हणून शेवटची नजर माझी. मी पासपोर्टचा नंबर ताडला, जन्मतारीख ताडली, पत्त्याचा पिनकोड ताडला. वरच्या भागात मतदाराने स्वतःचं वर्गीकरण करायचं होतं. मी देशाबाहेर राहते आणि परतण्याचा माझा इरादा आहे, असा एक रकाना. मी देशाबाहेर राहते आणि माझं परतणं अनिश्चित आहे, असा दुसरा. खूण दुसऱ्यात होती. ती मी वाचली आणि पुढे गेले. मला त्यात चूक दिसली नाही.

मतपत्रिका सप्टेंबरच्या शेवटी ईमेलने आली. मुलगी त्या दिवशी कॉलेजातून लवकर घरी आली होती. घरचा प्रिंटर हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला आहे. त्यातून एक पान बाहेर आलं आणि तो थांबला. तिने कागदाची चवड उचलून पाहिली, कागद अडकलाय का ते पाहिलं, पुन्हा छापलं. पुन्हा एकच पान.

त्यावर दोनच लढती होत्या, सिनेटची आणि प्रतिनिधिगृहाची. गव्हर्नर नाही, शिक्षिका नाही, यंत्रांचा विक्रेता नाही.

तिने काउंटीच्या संकेतस्थळावर नमुना मतपत्रिका काढली. तिथल्या रहिवाशांची मतपत्रिका लांबलचक होती. मग तिने नियम शोधला. तिच्या राज्यात, ज्याचं परतणं अनिश्चित आहे अशा मतदाराला फक्त देशपातळीच्या लढतींत मत देता येतं. राज्याचा कारभार जो तिथे राहणार आहे त्याने ठरवायचा. नियम मला वाजवी वाटला आणि मी तसं म्हणालेही. वेळ चुकीची होती.

“बट आय डिडन्ट से अनिश्चित,” ती म्हणाली.

आमच्याकडे सगळ्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती एका सामायिक फोल्डरमध्ये असतात, प्रत्येकाच्या नावाने, वर्षावार. तिचा अर्ज काढायला तिला अर्धं मिनिट लागलं. ती खूण पाहत बसली.

“आई, डिड यू सी धिस?”

“वाचलं होतं.”

“अँड?”

“मला बरोबर वाटलं.”

“बरोबर फॉर हूम?”

तिने बाबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागे क्रेनचा आवाज येत होता.

“बोल गं चिमणे.”

तिने सांगितलं. सांगताना ती मराठीत बोलत होती, म्हणजे ती गंभीर होती.

“टॅक्सचं लफडं होऊ शकतं म्हणून मी ते टिक केलं,” तो म्हणाला. “राज्याच्या निवडणुकीत मत दिलं की राज्य म्हणतं, तू आमची रहिवासी, भर टॅक्स. वाचलंय मी. तू कमवायला लागलीस की त्रास नको.”

“बाबा, यू कुड हॅव आस्क्ड.”

“त्यात विचारायचं काय? तुझा व्हिसा रिन्यू करतो तेव्हा विचारतो का मी?”

“एक्झॅक्टली.”

क्रेन थांबली. बहुधा तो आत गेला असावा, कारण त्यानंतर त्याचा आवाज जवळून आला.

“तुला जायचंय का तिकडे?”

हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा विचारला गेला. परत कधी जायचं, हा प्रश्न आम्ही दोघं दर वर्षी काढतो, पण त्यात परत म्हणजे पुणं असतं, आणि इन्शाल्ला म्हणून तो मिटतोही. तिचं परत वेगळं असू शकतं हे आम्हांला माहीत होतं. जन्माचा दाखला आम्हीच जपून ठेवला होता.

“आय डोन्ट नो,” ती म्हणाली. “पण ते माझं डोन्ट-नो आहे. तू कसं भरलंस?”

त्याने कामाचं निमित्त सांगून फोन ठेवला. पाच मिनिटांनी त्याचा मला मेसेज आला, रडली का. मी कळवलं, नाही, चिडली आहे. त्याने अंगठा पाठवला.

तिने काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लिहिलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एका बाईंचं, तीन ओळींचं. वर्गीकरण चुकलं असेल तर नवा अर्ज पाठवा, अजून मुदत आहे. नवी मतपत्रिका पाठवू. आधीची फाडून टाका. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, मत देण्यासाठी एवढी खटपट केल्याबद्दल आभार. मुलीने ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. अट एकच होती. त्या राज्यात ईमेलने मत परत घेत नाहीत, सही केलेला कागद ठरल्या दिवसाच्या आत तिथे पोचला पाहिजे. हाताशी दिवस बेताचेच होते.

तरीही नवा अर्ज तिने लगेच भरला नाही. ती त्याची शपथ वाचत होती. खोटी माहिती दिल्यास शिक्षा, असं त्यात लिहिलं होतं. पुलासाठी मत हवं म्हणून परतण्याचा इरादा आहे असं लिहिणं तिला चालणार नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी चालवून घेतलं असतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी तिने मला विचारलं, इरादा म्हणजे किती टक्के. मी म्हटलं, बातमीत आम्ही हा शब्द माणसाने स्वतः म्हटल्याशिवाय वापरत नाही.

“सो हेल्पफुल,” ती म्हणाली.

शुक्रवारी तो आला. त्याने फोल्डर आणलं नव्हतं. हात रिकामे असल्यामुळे तो दारात जरा वेळ तसाच उभा राहिला. मग वरच्या मजल्यावरचे ठाण्याचे शेजारी आले, त्यांना बातमी कुठूनशी लागली होती.

“काय वहिनी, घरात अमेरिकेचं राजकारण पेटलंय म्हणे,” ते म्हणाले. मुलीकडे वळले. “अगं, दे की कुणालाही. आमच्याकडे नगरसेवक कोण आहे हे मला अजून माहीत नाही, माझं काही अडलं का?”

“काका, म्हणूनच तुमच्या गल्लीत पाणी तुंबतं,” ती म्हणाली.

नवरा मोठ्याने हसला. त्या आठवड्यात दोघांमध्ये पहिल्यांदाच काही हललं. शेजारी चहा पिऊन गेले.

शनिवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. तो समोरच्या खुर्चीवर बसायला गेला.

“बाबा, नो.”

“पासपोर्ट नंबर सांगतो फक्त.”

“पाठ आहे मला.”

“पिनकोड?”

“बाबा.”

तो बाल्कनीत गेला. एसीच्या यंत्राशेजारी उभं राहायला जेमतेम जागा आहे तिथे. खाली वाण्याच्या दुकानात पाण्याच्या बाटल्या उतरवत होते, ते पाहत राहिला. मी कोथिंबीर निवडत होते. तिला अर्जाला अकरा मिनिटं लागली. तिने तो छापला, सही केली, फोनवर स्कॅन केला आणि पाठवून दिला. कागद उलटा करून तिने आपल्या खोलीत नेला. सामायिक फोल्डरमध्ये तो गेला नाही. त्याने संध्याकाळी पाहिलं, मी रात्रीच्या जेवणाआधी पाहिलं.

बाल्कनीतून आत येताना त्याने फक्त एवढंच विचारलं होतं, “गेला?”

“गेला.”

कुठल्या रकान्यात खूण केली हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तो न विचारता राहिला ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट होती. रविवारी संध्याकाळी फुजैराला निघताना त्याने बुटाची नाडी दोनदा बांधली आणि मला म्हणाला, “अनिश्चितच केलं असेल गं. स्वभावाने सावध आहे ती.” कुणाच्या स्वभावाने, हे मी विचारलं नाही.

उत्तर पुढच्या शनिवारी आलं. तिची मतपत्रिका सकाळी ईमेलमध्ये दिसली आणि तिने खोलीतूनच प्रिंटरला आज्ञा दिली. हॉलमध्ये आम्ही दोघं होतो. प्रिंटरमधून पहिलं पान आलं. त्याने वर्तमानपत्र खाली केलं. दुसरं पान आलं. तिसरं आलं. तो उठून प्रिंटरपाशी गेला नाही, पण चौथं पान येईपर्यंत वर्तमानपत्र त्याच्या गुडघ्यावरच राहिलं. मग यंत्र थांबलं आणि त्याचा हिरवा दिवा लागून राहिला.

मुलगी येऊन चारही पानं घेऊन गेली. जाताना तिने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “बरीच लांब आहे.”

“हो,” ती म्हणाली.

“खजिनदार पण आहे का?”

“आहे.”

“नीट वाचून दे.”

तिने दार लावून घेतलं. पाऊण तास ती आत होती. मधेच एकदा तिने आतून ओरडून विचारलं, “व्हॉट डझ अ कॉरोनर डू?” मी सांगितलं, संशयास्पद मृत्यूची चौकशी. “अँड दे इलेक्ट हिम?” “दिसतंय तसं.” तो दाराच्या या बाजूला पुस्तकांचं कपाट आवरत होता. ते आवरलेलंच होतं.

कुरिअरच्या दुकानात ती एकटी गेली. त्याने गाडीची किल्ली हातात घेतली होती, ती म्हणाली चालत जाते, पाच मिनिटांवर तर आहे. तो खिडकीतून ती सिग्नल ओलांडेपर्यंत पाहत होता. मग माझ्याकडे न वळता म्हणाला, “मी टॅक्सचं खरंच वाचलं होतं.”

“माहीत आहे.”

“पण त्याच्यासाठी टिक नव्हतं केलं.”

“तेही माहीत आहे. मी वाचलं आणि पुढे गेले ना.”

आमचं त्या विषयावरचं बोलणं तेवढंच.

पाकीट वेळेत पोचलं. काउंटीच्या संकेतस्थळावर मतदाराला आपलं मत कुठवर गेलं ते पाहता येतं. आधी पोचलं असं दिसलं, मग दोन दिवसांनी स्वीकारलं. तिने त्याचा फोटो आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकला. फुजैराहून एकापाठोपाठ तीन अंगठे आले.

निकाल इथे बुधवारी सकाळी येऊ लागले. मी ऑफिसात काँग्रेसचे आकडे लावत होते. ज्या लढतीची मला उत्सुकता होती ती एजन्सीच्या बातम्यांत येणार नव्हती. दुपारी मुलीने कळवलं. शिक्षिका हरली होती, थोडक्यात नाही, चांगलीच. विक्रेता निवडून आला. काँग्रेसच्या दोन्ही लढतींत तिने ज्यांना मत दिलं त्यांचं काय झालं हे तिने सांगितलं नाही, आणि त्या बातम्या मीच लावल्या असूनही मला ते ओळखता आलं नाही.

शुक्रवारी तो घरी आला तेव्हा ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

“हरली ना तुझी टीचर?”

“हं.”

“मग आता पुलाचं काय?”

“नथिंग. बस लांबूनच जाणार.”

त्याने बॅग ठेवली, हात धुवायला गेला नाही, तिच्या शेजारी बसला. ती सरकली नाही.

“त्या सीटची मुदत किती?” त्याने विचारलं.

“टू इयर्स.”

तो मनात काहीतरी मोजत होता. मग म्हणाला, “तोवर तुझं इथलं तिसरं वर्ष सुरू झालेलं असेल. तिकडच्या कॉलेजात ट्रान्सफर घेतलीस तर तू तिथेच असशील. मग हे कुरिअर-बिरिअर नको. तिथे जाऊनच दे.”

तिने पाय खाली घेतले.

“मतदान फायर स्टेशनमध्ये असतं,” तो म्हणाला. “तू तान्ही होतीस तेव्हा मी समोरच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभा असायचो. एका सकाळी ही लाइन. मला वाटलं कुठे आग लागली. विचारलं एकाला, तो म्हणाला, व्होटिंग. बर्फ पडत होता आणि माणसं लाइन सोडत नव्हती. म्हाताऱ्या बायका सुद्धा.”

“यू नेव्हर टोल्ड मी.”

“तू विचारलं नाहीस. म्हणजे, मी पण सांगितलं नाही.”

तिने फोनवर नकाशा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा शोधला, सापडला नाही, माझा लावला. बोटाने रस्ता मोठा केला.

“हे अपार्टमेंट. इथून बाहेर पडायचं. ही लॉन्ड्री होती, आता काय आहे कोण जाणे. मग उजवीकडे, चढ आहे जरा. गाडी नसेल तर चालत पंचवीस मिनिटं. सकाळी सातला जा, तेव्हा लाइन छोटी असते. आणि बूट चांगले घे, इथले चालणार नाहीत.”

“कसले बूट?” तिने विचारलं, आणि तो सांगू लागला.